जुन्या डब्या-बरण्यांत घरातली झाडं लावताय? या चुका टाळा

रिकामा डबा, तडा गेलेला मग, कापलेली बाटली यांत झाड लावणं मला मनापासून आवडतं. पण अशा भांड्यांतली झाडं दोन महिन्यांत माना टाकतात, तेव्हा दोष बहुतेक वेळा झाडाचा नसतो. डबा मुळात काहीतरी साठवायला, गळू नये म्हणून बनवलेला असतो आणि कुंडीला नेमकं उलटं काम करायचं असतं. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

भोकं न पाडणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पाणी खाली साचलं की मातीतल्या पोकळ्यांमधली हवा निघून जाते आणि मुळं गुदमरून कुजतात. पत्र्याचा डबा लाकडी फळीवर उपडा ठेवून मध्यम जाडीच्या खिळ्याने चार-पाच भोकं पाडा. बाहेरून ठोकल्यामुळे आतल्या बाजूला धारदार कडा उभ्या राहतात. त्या ठोकून सपाट करा, नाहीतर त्यांच्याभोवती पाणी थांबतं आणि माती भरताना बोटंही कापतात. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. डब्याच्या तळाला उभी कड असते, ती ताटलीला चिकटून बसते आणि खालची भोकं असून नसल्यासारखी होतात. म्हणून तळालगत बाजूलाही दोन भोकं हवीतच.

प्लास्टिकला तापवलेल्या खिळ्याने भोक पडतं, पण तो धूर विषारी असतो. हे काम उघड्यावर करा किंवा सरळ ड्रिल वापरा. चिनी मातीचा मग किंवा काचेची बरणी खिळ्याने फुटेल. तिथे हिऱ्याचं टोक असलेलं बिट लागतं. भोक पाडताना पाण्याची धार सोडत राहायची, घाई करायची नाही. तेवढा खटाटोप नको असेल तर झाड भोकं असलेल्या साध्या प्लास्टिकच्या कुंडीत ठेवा आणि ती कुंडी मगमध्ये बसवा. पाणी घालताना आतली कुंडी बाहेर काढा, निथळू द्या, मग परत ठेवा.

‘तळाशी खडे घातलेत, आता भोकांची गरज नाही’

हा सल्ला इतका पसरलाय की तो चुकीचा आहे हे पटवणं अवघड जातं. बारीक मातीतलं पाणी जाड खड्यांमध्ये सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजल्याशिवाय ते खाली जातच नाही. म्हणजे खड्यांमुळे ओला थर उलट वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ येतो. शिवाय छोट्या डब्यातली जागा वाया जाते. भोकातून माती वाहू नये असं वाटत असेल तर जाळीचा किंवा सुती कापडाचा तुकडा पुरतो.

पानं मलूल दिसली की पाणी ओतणं

माती ओली आणि पानं तरीही लोंबलेली, असं दिसलं तर हात आवरा. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून भरपूर ओलाव्यातही झाड तहानलेलं दिसतं. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर पाणी नको. मातीला आंबूस वास येत असेल तर झाड अलगद उपसून मुळं बघा. पांढरट आणि घट्ट मुळं निरोगी असतात. तपकिरी, दाबल्यावर पिचणारी मुळं स्वच्छ कात्रीने कापा आणि झाड नव्या भुसभुशीत मातीत, थोड्या लहान भांड्यात लावा. सावरेपर्यंत खत देऊ नका आणि कडक उन्हातही ठेवू नका. तळाचं एखादं जुनं पान पिवळं होऊन गळलं तर काळजीचं कारण नाही. खालची पानं एकामागोमाग पिवळी पडत असतील तर मात्र तपासा.

प्लास्टिक आणि पत्र्याच्या बाजूंमधून पाणी उडून जात नाही, न रंगवलेल्या मातीच्या कुंडीतून जातं. त्यामुळे डब्यातल्या झाडाला पाणी कमी वेळा लागतं. ठरलेल्या वाराला पाणी घालायची सवय असेल तर ती सोडा.

डबा मोठा, रोप एवढंसं

ज्या मातीत मुळं पोचलेली नाहीत, ती दिवसेंदिवस ओलीच राहते. मुळांच्या गड्ड्याभोवती बोटभर जागा सुटेल एवढंच भांडं घ्या. निमुळत्या गळ्याची बाटली मातीत झाड लावायला घेऊ नका. वाढलेली मुळं त्यातून न तुटता बाहेर काढता येत नाहीत.

बागेतली चिकट मातीही नुसती भरू नका, लहान भांड्यात ती दगडासारखी बसते. तीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत आणि थोडं परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे) किंवा जाड वाळू मिसळा.

आधी त्यात काय होतं?

कीटकनाशक, रंग, थिनर यांचे डबे धुऊनही वापरू नका. तेलाचा डबा साबण आणि गरम पाण्याने, तेलकटपणा जाईपर्यंत धुवा. पत्रा हळूहळू गंजणारच, म्हणून खाली ताटली ठेवा आणि त्यात साचलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून द्या.

पाण्यातल्या बरण्या

मनी प्लांट किंवा सिंगोनियमची फांदी पाण्यात छान जगते, पण निदान एक पेर, म्हणजे पान जिथे फांदीला जोडलेलं असतं तो सांधा, पाण्याखाली हवं. मुळं तिथूनच फुटतात. पाण्यात बुडालेली पानं काढून टाका, ती सडतात. पारदर्शक काचेवर उजेड पडला की हिरवं शेवाळ धरतं. बरणीला बाहेरून जाड कागद गुंडाळला की ते आटोक्यात येतं.

दर आठवड्याला पाणी बदला आणि बरणी आतून घासा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेलगत भांड्याला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. ताटल्याही अशाच घासा.