सातव्या महिन्यातच भरायची पिशवी

बाळंतपणासाठी दवाखान्यात न्यायची पिशवी नवव्या महिन्यात भरायची, हा हिशेब सुरळीत बाळंतपणाचा. बीपी वाढलंय, वार (नाळेने बाळाला जोडलेली, प्लासेंटा) खाली आहे किंवा पोटात जुळं आहे, तर ती 28व्या आठवड्यातच तयार हवी.

सगळ्यांत वर तायी कार्ड, म्हणजे कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं तपासण्यांच्या नोंदीचं कार्ड (कन्नडमध्ये तायी म्हणजे आई, आपण सरसकट ताई कार्ड म्हणतो). त्याला रक्तगट, हिमोग्लोबिन आणि शेवटच्या सोनोग्राफीचे रिपोर्ट टाचून ठेवा. वार कुठे आहे ते सोनोग्राफीवरच कळतं. रिपोर्ट घरी राहिला आणि रक्त जात असेल, तर वारेला धक्का लागेल म्हणून डॉक्टर आतून तपासत नाहीत, नवी सोनोग्राफी होईपर्यंत वेळ जातो. गोळ्यांची पाकिटंच घ्या, ‘बीपीची पांढरी गोळी’ म्हणून भागत नाही. आधार, रेशन कार्ड, आयुष्मान कार्ड, सोबत झेरॉक्स. रक्तगट निगेटिव्ह असेल तर कार्डावर लाल पेनने लिहा, कारण रक्त गेल्यावर 72 तासांत अँटी-डीचं इंजेक्शन लागतं (आईच्या रक्ताने बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं बनवू नयेत म्हणून). रक्त देणारी दोन माणसं आधीच सांगून ठेवा. संमतीचा कागद कन्नडमध्ये असू शकतो, म्हणून कन्नड वाचणारं कुणीतरी बरोबर हवं.

रुग्णवाहिकेसाठी 108. पण खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी, भीमगडच्या जंगलाच्या बाजूला ओढे भरले आणि रेंज गेली की नंबर पाठ असून उपयोग नाही. जोखमीच्या बाईने पावसाळ्यात खानापूर-बेळगावच्या पाहुण्यांकडे आधीच येऊन राहावं.

आरोग्य केंद्रातून पुढे पाठवलं, तर चिठ्ठीवर इंजेक्शनचं नाव, डोस, वेळ लिहून मागा. 34 आठवड्यांआधी बाळाच्या फुफ्फुसांसाठी डेक्सामेथासोनचे 6 मिलिग्रॅमचे चार डोस 12-12 तासांनी देतात; पहिला कधी दिला ते माहीत नसेल तर पुढची वेळ चुकते.

डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, छातीखाली दुखतंय, रक्त जातंय, बाळ हलायचं कमी झालंय, तर सकाळची वाट बघू नका. अंगावरून पाणी गेलं तर वेळ आणि रंग लिहा. हिरवट म्हणजे बाळाने पोटातच शी केलीय. झटका (फिट) आला तर डाव्या कुशीवर वळवा. तोंडात चमचा नको, कांदा-चप्पल हुंगवणं तर नकोच.

आणि निघताना ‘दोन घास खाऊन जा’ म्हणणाऱ्या आजीला आवरा. तातडीने सिझर करावं लागलं तर पोटातलं अन्न भुलीत उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं.