गुरुजी फोनवर, श्राद्ध फ्लॅटमध्ये

साथीमुळे ठाण्यात गुरुजी घरी येत नसतील, तर श्राद्ध व्हिडिओ कॉलवर करता येतं. तिथी माहीत नसेल तर सर्वपित्री अमावास्या धरा. २०२० मध्ये ती १७ सप्टेंबरला होती.

पितरांची नावं, नातं, गोत्र आदल्या दिवशीच लिहून काढा. ऐनवेळी पणजीचं नाव आत्याला विचारायचं, तर फोन कॉलवर अडकलेला!

पिंडांसाठी बासमती नको, दाणे सुटतात. साधा तांदूळ, वाटीला अडीच वाट्या पाणी, बिनमिठाचा. गरम भात वळला की हाताला चिकटतो, गार झाला की पिंडाला भेगा पडतात. कोमट असतानाच काळे तीळ, तूप, मध घालून मळा आणि लिंबाएवढे वळा.

तर्पणाला तोंड दक्षिणेला, पाणी अंगठा आणि तर्जनीच्या मधून. सेल्फी कॅमेऱ्यात आपलं चित्र आरशासारखं उलटं दिसतं, मग जानवं भलत्याच खांद्यावर जातं. मागचा कॅमेरा लावा, फोन डब्याला टेकवा.

गच्चीला कुलूप असेल तर कावळ्याचं पान खिडकीच्या ग्रिलवर ठेवा. कबुतरं आधी झडप घालतात, तेवढं बघा. पिंड घेऊन मासुंदा तलावावर गर्दी नको. मोठ्या कुंडीतल्या मातीत पुरले तरी चालतात. गुरुजींना जेवणाऐवजी शिधा पोचवा: तांदूळ, डाळ, गूळ, तूप, दक्षिणा.