कपडे परत करायला जाताय? या चुका टाळा

दादरमधल्या साड्यांच्या एका दुकानात मी बरीच वर्षं बदलाबदलीच्या काउंटरवर काम केलं. गिऱ्हाईक आणि दुकान यांच्यातलं जवळजवळ प्रत्येक भांडण शेवटी त्या काउंटरवर येतं. माणसं रोज नवी असतात, चुका मात्र त्याच. आता सोसायटीतल्या बायका दुकानात जायच्या आधी मला विचारून जातात. तेच तेच सांगून कंटाळा आलाय, म्हणून सगळं एकदा लिहून ठेवते.

सगळ्यात मोठी चूक घरातून निघण्याआधीच झालेली असते. कपड्यात दोष आहे, की कपडा आपल्याला नकोसा झालाय, हे लोक स्वतःशी ठरवतच नाहीत.

दोष म्हणजे वीण विरलेली, आतल्या घडीत डाग, सांगितल्याप्रमाणे धुऊनही पहिल्याच पाण्यात रंग गेला, बिलावर सिल्क लिहून हातात पॉलिस्टर दिलं. इथे दुकानदाराच्या मर्जीचा प्रश्न येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत छापली असेल तर त्या मुदतीत, छापली नसेल तर ३० दिवसांत दुकानाने पैसे परत करायचे असतात. गल्ल्यामागे 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी लावली म्हणून हे बदलत नाही.

नकोसा होणं वेगळं. घरच्या ट्यूबलाइटखाली रंग फिका वाटला, सासूबाईंना काठ आवडले नाहीत, नणंदेने तशीच साडी घेतली. यात दुकानाची चूक नाही. दुकानाचं धोरण असेल तर बदलून मिळेल, नसेल तर नाही. तिथे तुम्ही विनंती करायला गेलेल्या असता.

आणि लोक नेमकं उलट वागतात. फाटका माल घेऊन आलेली बाई दाराशी घुटमळते, "बघा ना दादा, जमत असेल तर" म्हणते आणि हातात ठेवलेली क्रेडिट नोट (पैशांऐवजी त्याच दुकानात तेवढ्याची खरेदी करायची चिठ्ठी) घेऊन गुपचूप निघून जाते. रंग आवडला नाही म्हणून आलेला माणूस मात्र पिशवी काउंटरवर आपटून "ग्राहक न्यायालयात खेचतो" अशी सुरुवात करतो. पहिलीचे पैसे बुडतात. दुसऱ्याला सहज मिळाली असती ती बदलीही मिळत नाही.

फॉल-पिकोची घाई

यावर मी कितीही बोलू शकते. साडी घेतली, त्याच दिवशी फॉल-पिकोला टाकली, ब्लाउजपीस शिंप्याकडे दिला आणि मग पंधरा दिवसांनी घडी उघडली. एकदा फॉल लागला की साडी दुकानात परत लावता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे दोष कुठे झाला हे सिद्ध करता येत नाही.

आमच्याकडे कोकणातलं एक कुटुंब लग्नाचा बस्ता काढायला आलं होतं. विहीणबाईंसाठी एक भारी सिल्क साडी घेतली. सेल्समनने पदर खांद्यावर टाकून दाखवला, सगळ्यांनी माना डोलावल्या, आतली घडी कोणी मोडली नाही. नंतर फॉल लागला, ब्लाउज कापला गेला. लग्नाच्या आठवडाभर आधी इस्त्री करताना दिसलं की मधल्या भागात बोटभर जागी बाणा, म्हणजे आडवा धागा, सुटलाय आणि ताण्याचे उभे धागे उघडे पडलेत.

ते शनिवारी संध्याकाळी आले. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. नवरीच्या भावाने दाराजवळच्या काउंटरवरच्या मुलीला गाठलं. ती नुकतीच लागली होती, ती साडी तिने विकलीही नव्हती. तो चढ्या आवाजात तिला वाट्टेल ते बोलला, 'चोर' म्हणाला, तिच्या पगाराची लायकी काढली. ती रडायला लागली. मॅनेजर धावत आला आणि साहजिकच आपल्या माणसाच्या बाजूने उभा राहिला. तो एवढंच म्हणाला, "फॉल लावलाय, ब्लाउज कापलाय. हे आमच्याकडे झालं कशावरून?" त्यावर कोणाकडे उत्तर नव्हतं.

मी साडी उजेडात धरून पाहिली होती. त्या जागी तुटलेल्या धाग्याचं एकही टोक नव्हतं. सुई अडकली असती किंवा ओढ बसली असती तर टोकं दिसली असती. दोष मागावरचाच होता, म्हणजे तो मुलगा खरं बोलत होता. पण एवढ्या गर्दीसमोर तोंडातून गेलेला नकार कोणताही मॅनेजर मागे घेत नाही. दोन दिवसांनी नवरीची आई एकटी आली, आडवारी, सकाळी उशिरा. तिने शेठना भेटायचंय असं सांगितलं आणि दोषावर बोट ठेवून शांतपणे विचारलं. शेठनी भिंगाखाली साडी पाहिली, दोष मान्य केला, कारागिराकडून रफू करून दिलं आणि किमतीतली काही रक्कम परत केली. फॉल लागला नसता तर पूर्ण पैसे मिळाले असते आणि विहीणबाईंना रफू केलेली साडी द्यावी लागली नसती.

माझी पद्धत सांगते. साडी दुकानातच पूर्ण उघडायला लावते, पदरापासून ब्लाउजपीसपर्यंत. सेल्समन नाक मुरडतो, मुरडू दे. दाराजवळ नेऊन दिवसाच्या उजेडात धरते, उलट बाजू पाहते. घरी आणल्यावर चार दिवस तशीच ठेवते, घरच्यांना दाखवते, मग फॉल. 'फुकट फॉल-पिको, लगेच' हा प्रकार मी कधीच स्वीकारत नाही. पन्नास-शंभर रुपये वाचवायला साडी परत करायची वाट बंद करून घ्यायची, हा शहाणपणा मला पटत नाही. जीन्सची लांबी, कुर्त्याच्या बाह्या, शेरवानीची कंबर यांनाही हेच लागू. आधी घरी घालून, बसून, हात वर करून बघा, नंतर शिंपी.

चुकीच्या माणसावर ओरडणं

काउंटरवरच्या मुलीला माल परत घ्यायचा अधिकार नसतो. बहुतेक दुकानांत तो अधिकार मॅनेजर किंवा मालकाकडे असतो. पुष्कळ ठिकाणी विक्रीवर इन्सेन्टिव्ह असतो आणि माल परत आला की तो कापला जातो. म्हणजे तुम्ही पिशवी पुढे केली की त्या मुलीला आपले पैसे जाताना दिसतात, तिचा चेहरा पडणारच. त्यात दिवसभर उभं राहणं. दुकानातल्या कामगारांना बसायला मिळावं यासाठी केरळला २०१८ मध्ये आणि तामिळनाडूला २०२१ मध्ये कायद्यात बदल करावा लागला, यावरून काय ते समजा. दहा तास उभी असलेली बाई तुमच्याकडे हसून बघत नाही, म्हणून ती उद्धट ठरत नाही.

काही मुद्दाम तुसडेपणा करतात, हेही खरं. "घेताना डोळे मिटले होते का?" हे वाक्य मी माझ्याच सहकाऱ्यांच्या तोंडून ऐकलंय आणि त्यासाठी त्यांना सुनावलंही आहे. अशा वेळी उत्तर देऊ नका. एकच वाक्य पुन्हा म्हणा: "हे परत घ्यायचा निर्णय कोण घेतं? मला त्यांच्याशी बोलायचंय." आवाज न चढवता, तिसऱ्यांदाही तेच. अपमानाला उत्तर दिलंत की विषय कपड्यावरून तुमच्या वागण्यावर जातो आणि दुकानाला तेच हवं असतं. मोबाइल काढून त्या मुलीचा व्हिडिओ करू नका. फोटो काढायचाच तर दोषाचा काढा, शेजारी बिल ठेवून.

वेळही बघा. दुकान उघडल्या उघडल्या परतीची पिशवी घेऊन जाऊ नका. बोहनीच्या आधी पैसे परत द्यायला कोणताही दुकानदार कुरकुरतो, तुमचा त्यावर विश्वास असो नसो. पुण्यात दुपारी एक ते चारमध्ये जायचा तर विचारच नको. शनिवार-रविवारची संध्याकाळ आणि दिवाळीच्या आधीचा आठवडा टाळा. आडवारी, साडेअकरा-बाराच्या सुमारास मालक असतो, गर्दी नसते, डोकं थंड असतं.

बिलाचं दुर्लक्ष

कर वाचतो म्हणून कच्चं बिल घेणाऱ्यांबद्दल मला मुळीच सहानुभूती नाही. 'एस्टिमेट' लिहिलेल्या चिठ्ठीवर तुम्ही काय सिद्ध करणार? पक्कं बिल मागा. बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथाच आहे.

बिलावर काय लिहिलंय तेही वाचा. 'साडी १ नग' एवढंच असेल तर ती सिल्क म्हणून विकली हे नंतर कोण मानणार? 'प्युअर सिल्क', 'हातमाग', जे तोंडी सांगितलं ते बिलावर लिहून घ्या. सिल्क मार्कचं (शुद्ध रेशमाची खूण) लेबल असेल तर ते जपून ठेवा. पैठणी हातमागाची म्हणून घेत असाल तर पदराची उलट बाजू तिथेच पाहा. अस्सल विणीत दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसतात. मागे कापलेल्या धाग्यांची पिसं दिसली तर भाव कमी करून घेऊ नका, साडी खाली ठेवा.

हल्लीची बिलं थर्मल कागदावर असतात, महिन्या-दोन महिन्यांत अक्षरं उडतात. घरी आल्यावर लगेच फोटो काढा. लॅमिनेशन करायला जाऊ नका, उष्णतेने अख्खा कागद काळा पडतो. बस्त्याचं एकत्र बिल असेल तर प्रत्येक नगाची सूट वजा करून किंमत वेगळी मांडून घ्या. नाहीतर एक साडी परत करताना तिची किंमत काय धरायची यावरच अर्धा तास जातो.

बाकीच्या चुका एका दमात. घरी आल्या आल्या टॅग कापणं. ट्रायल घेताना अत्तर, डिओ, ओठांची लाली. सेलमध्ये 'नो एक्स्चेंज' वाचूनही अंदाजाने माप घेणं. ऑनलाइन मागवलेलं पार्सल व्हिडिओ न करता फोडणं.

एक मात्र चूक म्हणून सोडून देणार नाही: लग्नात मिरवून साडी परत आणणं. आम्हाला ते कळतं. दुकानातली घडी आणि घरची घडी वेगळी पडते, काखेत खुणा असतात, पदराला हळद नाहीतर जेवणाचा वास असतो. ही फसवणूक आहे. अशा लोकांमुळेच प्रामाणिक बाईकडे दुकानवाले संशयाने बघायला लागतात.

दोष खरा आहे, बिल आहे, मालकाशी बोलूनही नकारच मिळाला, तर तिथे वाद वाढवू नका. त्याच दिवशी दुकानाच्या ईमेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोसकट तक्रार पाठवा आणि उत्तराला मुदत द्या. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. बरीच प्रकरणं इथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची. खरेदी दादरला केली असली तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. बस्त्यासाठी लांबून येणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवा.

आणि दोष मान्य करून दुकानाने पैशांऐवजी क्रेडिट नोट पुढे केली तर ती घ्यायलाच हवी असं नाही, पैसे मागा. आवडीची बदली असेल आणि क्रेडिट नोटच मिळणार असेल, तर काउंटर सोडण्याआधी तिच्यावरची मुदत, कोणत्या शाखेत चालेल आणि सेलच्या मालावर चालेल का, हे विचारून त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या.