पाळी चुकली की या चुका टाळा

पाळी लांबली की औषधाच्या दुकानातून परस्पर पाळी आणायची गोळी मागवली जाते, आणि सर्वांत मोठी चूक तिथेच होते. या गोळीत प्रोजेस्टेरॉनसारखे संप्रेरक (हार्मोन) असते. ती काही दिवस घेऊन थांबवली की गर्भाशयाचे अस्तर सुटते आणि रक्तस्राव होतो. घरच्यांना हायसे वाटते, परंतु पाळी मुळात का थांबली हे कळलेले नसते, म्हणून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तीच गोळी आणावी लागते. पीसीओएस या संप्रेरकांच्या बिघाडात स्त्रीबीज वेळेवर बाहेर पडत नाही आणि अस्तर जाड होत राहते, त्यामुळे डॉक्टर ठरावीक अंतराने अशी गोळी देतात व ते योग्यच असते. मात्र तो निर्णय तपासणीनंतरचा असतो.

गोळीआधी लघवीची गर्भचाचणी करावी. ‘बाळ अंगावर पिते आहे, दिवस कसे जातील?’ असे म्हणून ती टाळली जाते. पण बाळंतपणानंतर स्त्रीबीज पहिल्या पाळीच्या आधीच तयार होत असल्याने, एकदाही पाळी न येता पुन्हा गर्भ राहू शकतो. चाचणी नकारार्थी आली आणि पाळी आलीच नाही, तर आठवड्याने ती पुन्हा करावी.

मुलींच्या बाबतीत ‘लग्न झाले की सुरळीत होईल’ हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो फार नुकसान करतो. पहिल्या एक-दोन वर्षांत पाळी मागेपुढे होणे स्वाभाविक आहे, परंतु सलग तीन महिने ती न येणे किंवा वयाच्या 15 वर्षांपर्यंत सुरूच न होणे, हे लग्नाची वाट पाहण्याचे कारण नव्हे. केवळ सोनोग्राफीत अंडाशयात बारीक गाठी दिसल्या म्हणून पीसीओएसचे निदान पक्के धरणे हीदेखील चूकच, कारण कोवळ्या वयात अनेक निरोगी मुलींची अंडाशये तशीच दिसतात.

पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणारी मुलगी वजन वाढू नये म्हणून रात्री जेवत नसेल, तर शरीराला पुरेशी ऊर्जा मिळत नाही, मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संकेत मंदावतात आणि पाळी बंद होते. तिला ती कटकट गेल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी झाल्याने हाडे ठिसूळ होऊ लागतात आणि सरावातच पायाच्या हाडाला बारीक चीर पडू शकते. अशा वेळी पोटभर जेवण आणि सरावात विश्रांती हाच मुख्य उपचार असतो.

डॉक्टरांकडे जाताना चालू असलेली सर्व औषधे सांगावीत. मानसिक आजारावरील काही औषधे आणि उलटीवरचे डोमपेरिडोन यांमुळे प्रोलॅक्टिन हे दूध तयार करणारे संप्रेरक वाढून पाळी थांबू शकते, कधी स्तनांतून दूधही येते. थायरॉइडची तपासणी साध्या रक्तचाचणीने होते, ती राहू देऊ नये.

चाळिशीच्या आत पाळी बंद झाली तर ‘लवकर गेली, सुटले’ असे मानू नये, तपासणी करावी. उलट, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा थोडेसे जरी अंगावरून गेले, तरी ते पाळी परतल्याचे लक्षण समजू नये. त्यामागे गर्भाशयाचा कर्करोग असू शकतो, म्हणून त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे.