दोन खोल्यांचं घर आवरलेलं कसं ठेवावं

केर रोज निघतो, फरशी रोज पुसली जाते, तरी पाहुणे येणार म्हटलं की घरात धावपळ उडते. ती धुळीपायी नसते. खुर्चीवरचे कपडे, टेबलावरची बिलं, दारातल्या आठ जोडी चपला आणि ओट्यावर उघडे राहिलेले डबे आधी कुठे कोंबायचे, याची ती धावपळ असते. चारशे-पाचशे चौरस फुटांच्या घरात पसारा बहुतेक याच चार जागी साचतो. म्हणून सुरुवात इथूनच करावी. कपाटं उपसून पूर्ण रविवार घालवला आणि या जागा तशाच सोडल्या, तर आठवडाभरात घर मूळ पदावर येतं.

रोज लागणारा वेळ अर्धा तास: ओट्याला पंधरा मिनिटं, कपड्यांना दहा, दार आणि टेबल मिळून पाच.

रात्रीचा ओटा

बहुतेकजण जेवण झालं की थेट सिंकपाशी उभे राहतात आणि तिथेच दमतात. क्रम बदलला की काम हलकं होतं.

आधी उरलेलं अन्न लहान डब्यांत काढून फ्रिजमध्ये. शिजलेला भात बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. मोठं पातेलं तसंच फ्रिजमध्ये सारलं की जागा अडते, मागचं दिसत नाही आणि चार दिवसांनी कोपऱ्यात आमटीची वाटी सापडते.

मग भिजवण. दुधाचं पातेलं आणि कणकेची परात यांत गार पाणी घालायचं. गरम पाण्याने दुधातली प्रथिनं आणि कणकेचा चिकटा भांड्याला आणखी घट्ट धरतो. तेलकट कढईचं उलट आहे, तिला गरम पाणी आणि साबण. सकाळी बाई भांडी घासायला येणार असल्या तरी रात्री खरकटं काढून ताटं विसळून ठेवावीत. वाळलेलं पिठलं खरवडायला तिप्पट वेळ लागतो आणि रात्रभर झुरळांची पंगत बसते, ती वेगळीच.

आता ओटा. आधी कोरड्या फडक्याने कण गोळा करून ओल्या कचऱ्यात. सुरुवातीलाच ओलं फडकं फिरवलं तर पिठाचा लगदा होऊन तो फटीत बसतो. मग साबणाच्या पाण्यात घट्ट पिळलेलं फडकं, भिंतीकडून सिंककडे. शेगडी उचलून तिच्या पायांखालीही. शेवटी कोरडं फडकं. हा तिसरा हात बरेचजण गाळतात, आणि झुरळांच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. झुरळ अन्नावाचून बरेच दिवस काढतं, पाण्यावाचून मात्र लवकर मरतं. रात्री ओटा आणि सिंक कोरडं असेल तर औषध कमी फवारावं लागतं.

फडकी दोन हवीत, एक ओलं, एक कोरडं. काम झालं की धुऊन, पिळून, पसरून वाळत घालायची. नळावर बोळा करून टाकलेलं फडकं सकाळपर्यंत कुबट होतं, आणि त्याच फडक्याने पुसलेला ओटा स्वच्छ म्हणता येत नाही. आठवड्यातून एकदा दोन्ही फडकी दहा मिनिटं उकळावीत.

ओट्याचा दगड कोणता आहे, हे माहीत असायला हवं. जुन्या चाळींत आणि इमारतींत तो कडप्प्याचा असतो. कडप्पा म्हणजे चुनखडीचा दगड. त्यावर लिंबू, चिंच, व्हिनेगर किंवा ताक सांडून राहिलं की तुकतुकी जाते आणि पांढुरका चट्टा उठतो. तिथे दगडच आंबटाने खाल्लेला असतो, त्यामुळे घासून चट्टा निघत नाही. संगमरवराचं आणि शहाबादी फरशीचंही तेच. अशा दगडावर साधा भांड्यांचा साबण पुरे. ग्रॅनाइटला हे भय नाही.

शेगडीचे बर्नर आठवड्यातून एकदा, पूर्ण गार झाल्यावर काढायचे. पितळी असतील तर लिटरभर गरम पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवावेत. अॅल्युमिनियमचे असतील तर सोडा वापरू नये, ते काळे पडतात. त्यांना साबणाचं पाणीच बरं. भोकं टाचणीने मोकळी करून बर्नर पूर्ण वाळल्यावरच बसवावेत. भोकांत पाणी राहिलं तर ज्योत पिवळी होते आणि पातेल्याची बुडं काळी.

बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतण्याची टूम सध्या फार आहे. फेस छान येतो, पण दोघं एकमेकांचा जोर मारतात आणि उरतं जवळपास साधं खारट पाणी. वेगवेगळं वापरलं तरच उपयोग. एक मिश्रण तर जिवावर बेतणारं आहे: संडासात टाकायचं अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद मोरीत तो छातीत भरतो. दोन्ही एकाच दिवशीही वापरू नयेत.

कपडे: खुर्ची रिकामी कशी होते

कपडे तीन जातींचे असतात. धुतलेले कपाटात जातात, मळलेले बादलीत. घोटाळा होतो तो तिसऱ्या जातीचा: एकदा घातलेली जीन्स, दोन तास अंगावर असलेला कुर्ता, घरातला गाऊन. यांना घरात जागाच नसते म्हणून खुर्ची सापडते. दाराच्या मागे माणशी दोन खुंट्या ठोकाव्यात, जास्त नाही. दोन्ही भरल्या आणि तिसरा कपडा आला की आधीचा एक धुवायला जातो. पाच-सहा खुंट्या ठोकल्या तर तीच खुर्ची भिंतीवर चढते.

दांडीवरून काढलेले कपडे पलंगावर ढीग करून ठेवू नयेत. काढतानाच, दांडीखाली उभं राहून घडी घालावी आणि माणसागणिक गठ्ठा करावा. मोजे आणि रुमाल सुरुवातीपासून एकत्र वाळत घातले तर जोड्या शोधाव्या लागत नाहीत. हे दहा मिनिटांत होतं. ढीग झाला की त्यालाच अर्धा तास लागतो, शिवाय इस्त्रीचे कपडे वाढतात.

खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. कोकणात आणि मुंबईत कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. कपडा जितका वेळ ओला राहतो तितके त्यावर जंतू वाढतात, कुबट वास त्यांचाच. म्हणून वास घालवण्यापेक्षा वाळण्याचा वेळ कमी करावा. मशीन पाऊण भरूनच लावावं आणि शेवटी पिळण्याचा फेरा पुन्हा एकदा द्यावा. दोन कपड्यांत दोन बोटांचं अंतर ठेवावं. त्यासाठी रोज थोडे कपडे धुणं भाग आहे. जीन्स उलटी करून कमरेकडून टांगावी, खिसे बाहेर काढून. वर पंखा चालू आणि खिडकी फटभर उघडी. बंद खोलीत पंखा लावला तर तीच दमट हवा फिरत राहते. टॉवेलांना वास बसलाच तर शेवटचं खळबळताना अर्धा कप पांढरं व्हिनेगर घालावं, मात्र त्या धुण्यात ब्लीच नको.

लाकडी कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नये, दोन-तीन इंच मोकळे ठेवावेत. बुरशी येते ती बहुधा तिथल्याच पाठीला. कपाट ठासून भरलं असेल तर आत हवा खेळत नाही, आणि चामड्याची पर्स आणि पट्टा सगळ्यात आधी पांढरा पडतो. डांबरगोळ्या लहान बाळाच्या कपड्यांत अजिबात ठेवू नयेत, त्यांची वाफ काही बाळांच्या रक्ताला घातक ठरते.

दार आणि टेबल

दारात माणशी दोन जोड, बाकीचे खोक्यात. किल्लीला एक खुंटी, दाराच्या आतल्या बाजूला, हात सहज पोचेल अशी. ऑनलाइन मागवलेल्या सामानाची खोकी आल्या दिवशीच टेप काढून चपटी करावीत. उभं खोकं जागा खातं आणि आठवड्यात त्यात इतर वस्तू जमा होतात. पिशव्यांचं तसंच. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर राज्यात 2018 साली बंदी आली, तरी घराघरांत पिशव्यांची पिशवी लोंबत असतेच. दहा ठेवाव्यात, उरलेल्या सुक्या कचऱ्यात. पावसात भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि दोन तासांनी बदलावेत. ओले बोळे रात्रभर तसेच राहिले तर काही साधत नाही.

टेबलावर कागद उघडेच येऊन पडतात. एक ट्रे ठेवावा आणि शनिवारी तो रिकामा करावा. भरायची बिलं भरून टाकावीत. वॉरंटीची कार्डं पावतीसकट एका पाकिटात, वर वस्तूचं नाव आणि खरेदीची तारीख. खरेदीखत, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सातबारा हे वेगळ्या फाइलमध्ये, बंद कपाटात. बाकीचं रद्दीत, पण खाते क्रमांक आणि फोन नंबर फाडून.

आठवड्याचा एक दिवस

महापालिका आणि आरोग्य खातं ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतात, तोच घराचाही दिवस धरावा. पिंप, बादल्या, कुंड्यांखालच्या बशा आणि फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे रिकामा करायचा. नुसतं ओतून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी असताना महिनोन्महिने टिकतात. कडा घासणीने घासून, उन्हात वाळवूनच पिंप भरावं.

भाजी आणायच्या आदल्या संध्याकाळी फ्रिज बघावा. मऊ पडलेले टोमॅटो आणि निम्मी सुकलेली कोथिंबीर रात्रीच्या आमटीत जाते, नव्या भाजीला जागा होते. कोळिष्टकं आणि पंखे आधी, केर नंतर. पात्यावर जुना उशीचा अभ्रा चढवून ओढला तर धूळ आत राहते, पलंगावर सांडत नाही. अर्थात पंखा बंद करून आणि गार होऊ देऊन.

डबे आणि माळा

नवा रवा किंवा मैदा आणला की तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवावा, आतली किड्यांची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. लगेच उघडली तर पिठावर दव धरतं आणि गाठी होतात. जुन्यावर नवं ओतू नये. आधीचं संपवून, डबा धुऊन, पूर्ण वाळवून मग भरावा. तळाशी उरलेल्या मूठभर डाळीतले किडेच नव्या दोन किलोंत शिरतात.

डब्यांवर नावं लिहावीत, मिसळणाच्या डब्याशेजारच्या साठ्याच्या डब्यांवरही. घरातल्या एकाच माणसाला ‘ओवा कुठे आहे’ विचारावं लागत असेल, तर ती वस्तू जागेवर परतण्याची जबाबदारीही त्या एकाच माणसावर पडते. रोज लागणारं डोळ्यांच्या उंचीवर, जड डबे खाली, सणावाराची पातेली वर.

माळ्यावर काय चढवायचं, हे दसऱ्याच्या साफसफाईत ठरवावं. दोन दिवाळ्या जी वस्तू खाली उतरली नाही ती देऊन टाकावी, अपवाद फक्त गणपतीच्या मखराचा आणि आजीच्या तांब्याच्या घंगाळाचा. पोत्यापेक्षा झाकणाचे डबे बरे. पोत्यात पाल शिरते आणि आत काय आहे ते कळत नाही. प्रत्येक डब्याला नंबर द्यावा आणि यादी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवावी, पेन्सिलने लिहिलेली. ती दर वर्षी खोडावी लागते.