जुनं शाईपेन घेतलंय? मग लिव्हरवरचा हात आधी बाजूला करा

जुनं फाउंटन पेन घरी आलं की लोक पहिली गोष्ट काय करतात, तर दौत उघडतात. कृपा करून असं करू नका. माझ्याकडे जी मोडलेली पेनं दाखवायला येतात त्यातली बरीचशी नव्या मालकाने पहिल्याच दिवशी मोडलेली असतात, त्याआधी कित्येक दशकं ती कपाटात धडधाकट पडून होती.

लिव्हरवाल्या पेनाचं, म्हणजे ज्याच्या अंगावर शाई भरायची छोटी दांडी असते त्याचं, नीट समजून घ्या. आत रबराची पिशवी असते, तिला सॅक म्हणतात. लिव्हर उचलला की आतली पट्टी तिला दाबते, सोडला की ती फुगते आणि फुगताना शाई ओढते. वर्षानुवर्षं पडून राहिलं की हे रबर कडक होतं, मग लिव्हर हलत नाही, आणि माणूस जोर लावतो. एका मित्राला त्याच्या आजोबांचं पेन सापडलं, फोनवर म्हणाला लिव्हर घट्ट बसलाय, पक्कडीने उचलू का, मी म्हटलं रविवारपर्यंत थांब, मी येतो. तो थांबला नाही. रविवारी बघतो तर लिव्हर वाकडा आणि त्याच्या खाचेपासून बॅरलला, म्हणजे पेनाच्या मागच्या नळीला, केसाएवढी चीर गेलेली, पेन उलटं करून टिचकी मारली तर काळे कडक तुकडे कागदावर पडले, तीच ती सॅक. नवीन सॅक बसवणं छोटं काम होतं हो, पण चिरलेलं बॅरल कुठून आणायचं? मला अजून वाईट वाटतं त्या पेनाचं.

म्हणून माझी सवय अशी, की पेन आधी कानाशी हलवून बघायचं. खुळखुळलं तर सॅक गेली, नाही खुळखुळलं तरी ठीक असेलच असं नाही. लिव्हर नखाने हळू उचलायचा, अडला की तिथेच थांबायचं. सेक्शन, म्हणजे निबमागचा बोटांनी धरायचा भाग, काढताना हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून द्यायची, हाताला सोसेल तेवढीच, आणि मग रबराच्या तुकड्याने धरून हळूहळू फिरवायचं, निघालं नाही तर परत कोमट करायचं. कधी अर्धा तास जातो, जाऊ दे. लायटर, मेणबत्ती अजिबात नाही, जुनं सेल्युलॉइड, म्हणजे ज्या जुन्या प्लास्टिकची पेनं बनायची ते, पटकन पेट घेतं. सॅक शेलॅकनेच, म्हणजे लाखेनेच, चिकटवा. झटपट चिकटणारा गोंद वापरून ज्यांनी 'दुरुस्ती' केलीय त्यांची पेनं पुढच्या माणसाला उघडताच येत नाहीत, याचा मला खरंच राग येतो.

दुसरी चूक म्हणजे पेन रात्रभर पाण्यात बुडवून ठेवणं. ही मी स्वतः केलीय. काळंभोर एबोनाइटचं, म्हणजे कडक केलेल्या रबराचं, पेन होतं, सकाळी बघतो तर पाणी जिथपर्यंत होतं तिथपर्यंत तपकिरी-हिरवट, वर काळं, मधे सरळ रेघ. उजेडात राहिलेल्या एबोनाइटचं असंच होतं, पृष्ठभाग आधीच खराब झालेला असतो, पाणी लागलं की दिसायला लागतो. आणि केसीनचं, म्हणजे दुधातल्या प्रथिनापासून केलेल्या प्लास्टिकचं, पेन असेल तर ते पाण्यात फुगतं. त्यामुळे बुडवायचं नाही, सेक्शन सुटं झालं की रबरी फुग्याच्या पिचकारीने साधं पाणी निबमधून ढकलायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. शेवटी निब टिपकागदावर टेकवून ठेवायची.

गरम पाणी नको. स्पिरिट नको, सेल्युलॉइड विरघळतं. चित्रकलेची इंडिया इंक तर नकोच नको, ती फीडमध्ये, म्हणजे निबखालच्या जिभेत, वाळून बसते.

जुनी निब म्हणजे दाबली की फाकणारच, हाही गैरसमज. पार्कर ५१ ची निब बऱ्यापैकी ताठ असते, दाबाल तर वाया घालवाल. निब विकत घेताना त्यावर कोरलेलं १४ कॅरेट वाचून खूश होऊ नका, भिंगाखाली टोक बघा, टोकावरचा कठीण धातूचा मणी झिजला असेल तर सोनं कितीही असो, निब कागद खरवडणार.

पहिलंच जुनं पेन घेत असाल तर ५१ घ्या असंच मी सांगतो, पण १९४८ पासून आलेलं एरोमेट्रिक भरणीचं, म्हणजे आतल्या धातूच्या नळीवरची पट्टी दाबून शाई भरायचं. त्यातली प्लास्टिकची सॅक बऱ्याचदा अजून चालते. आणि चालत असेल तर आत काय आहे बघायला म्हणून ते उघडू नका, साध्या पाण्याने चार-पाचदा भरून रिकामं करा, एक रात्र उभं ठेवून वाळवा, आणि मग दौत उघडा.