वळचणीची कुजलेली फळी बदलण्याआधी करावयाची तयारी

बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून जांबोटी-कणकुंबीपर्यंतच्या पट्ट्यात मंगलोरी कौलांची घरे अजूनही पुष्कळ आहेत. या घरांत सर्वांत आधी कुजते ती वाशांच्या टोकांवर ठोकलेली वळचणीची फळी. हे काम शिमगा ते पाडवा या दिवसांत उरकावे. त्या वेळी लाकूड कोरडे असते आणि सुतारही मिळतो. एप्रिलच्या मध्यानंतर आपल्याकडे दुपारी वळीव कधी कोसळेल याचा नेम नसतो, आणि मिरगाच्या तोंडावर काम काढले तर उघड्या छपराखाली घरच्यांचे हाल होतात.

पहिले काम तपासणीचे आहे आणि ते घाईने करू नये. रंग शाबूत दिसतो म्हणून लाकूड शाबूत आहे असे समजू नये. गेल्या माघात आमच्या घराच्या उत्तरेकडील कोपऱ्यावर मी स्क्रूड्रायव्हर टेकवला, तेव्हा हिरव्या ऑइलपेंटचा पापुद्रा आत दबला आणि पाते मुठीपर्यंत शिरले. बाहेर आले ते बारीक चौकोनी तडे गेलेले, बोटांत चुरा होणारे तपकिरी लाकूड. म्हणून संपूर्ण फळी दर वीतभर अंतरावर टोचून पाहावी, जेथे मऊ लागेल तेथे खडूने खूण करावी, आणि फळीमागे वाशांची टोकेही अशीच तपासावीत. वासा कुजला असेल तर नवीन फळीचे खिळे कशातच धरणार नाहीत. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी आहे. तिचा बंदोबस्त पायापासून करावा लागतो, आणि तो लाकूड आणण्याआधीच झाला पाहिजे.

त्यानंतर पाणी कोठून येते हे शोधावे. माझ्या मते साऱ्या तयारीत याहून महत्त्वाचे काही नाही. लाकडातील ओल साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिली तर कुजवणारी बुरशी वाढत नाही, म्हणजे फळी कुजली याचा अर्थ तेथे पाणी नुसते पडत नव्हते, मुरून राहत होते. काही वर्षांपूर्वी आम्ही याच कोपऱ्यावरची फळी बदलली, पण पत्र्याच्या पन्हळीचा गळका सांधा तसाच ठेवला, आणि तिसऱ्या पावसाळ्यात नवी फळीही त्याच जागी गेली. पन्हळीला दर तीन मीटरला एक ते दीड सेंटीमीटर उतार आहे का, तिच्यात पाने आणि शेवाळ साचले आहे का, शेवटच्या ओळीचे कौल फळीच्या पुढे चार-पाच सेंटीमीटर येते की पाणी मागे वळून लाकडावरच ओघळते, हे सारे एखाद्या सकाळी वर बादलीभर पाणी ओतून खालून पाहावे.

काम सुरू करताना खालच्या दोन ओळींची कौले उतरवावी लागतात. एका कारखान्याच्या कौलाची खाच दुसऱ्याच्या कौलात नीट बसत नाही, म्हणून कौलाच्या पाठीवरचा छाप पाहून त्याच छापाची दहा-बारा जुनी कौले आधीच मिळवून ठेवावीत. पाडलेल्या घरांच्या मालाबरोबर ती बहुधा मिळतात. उतरवलेल्या कौलांना खडूने क्रमांक घालून ती उभी रचून ठेवावीत.

लाकूड वखारीतून पावतीसह घ्यावे. साग घेताना आतला गडद गाभाच मागावा, कारण बाहेरचा फिकट भाग सागाचा असला तरी टिकाऊ नसतो. फळी किमान आठवडाभर सावलीत, खाली पट्ट्या देऊन, वारा लागेल अशी ठेवावी. जुन्या फळीची जाडी आणि रुंदी उतरवलेल्या तुकड्यावर मोजून घ्यावी, अंदाजाने सांगू नये. अर्धीच फळी बदलायची असेल तर कुजलेल्या खुणेच्या पुढे किमान एक वीत चांगले लाकूडही कापावे लागेल आणि सांधा वाशावर तिरका येईल, असे धरून लांबी ठरवावी. फळी लावण्याआधी तिच्या सहाही बाजूंना, विशेषतः कापलेल्या दोन्ही टोकांना, लाकूडरक्षक औषध आणि मग प्रायमर लागला पाहिजे, कारण फळी बसल्यावर मागच्या बाजूला ब्रश पोहोचत नाही. टोके पाणी सर्वांत लवकर शोषतात, तेथे दोन हात द्यावेत. स्क्रू गॅल्वनाइज्ड किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. साधे खिळे दोन पावसाळ्यांत गंजतात आणि त्यांच्याच भोकांतून पाणी आत शिरते.

जुना रंग खरवडताना काळजी घ्यावी. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ साली लागू झाली, त्यामुळे त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते. रंग ओला करून घासावा, तोंडाला मास्क लावावा, खाली ताडपत्री पसरावी आणि मुलांना त्या दिवशी अंगणात येऊ देऊ नये.

घराला येणारी विजेची तार बहुतेक वेळा वळचणीजवळच बांधलेली असते. हेस्कॉम या वीज कंपनीच्या लाइनमनला आधी सांगून त्या वेळेपुरता पुरवठा बंद करून घ्यावा. गांधीलमाश्यांचे पोळे आहे का, हेही आदल्या दिवशी लांबूनच पाहावे. शिडीचा पाया उंचीच्या चौथ्या भागाइतका भिंतीपासून दूर ठेवावा आणि ती धरायला एक माणूस केवळ त्यासाठीच ठेवावा.

फळी आणि पन्हळ बसल्यावर, कौले परत चढवण्याआधी, वरच्या टोकाला पुन्हा एक बादली पाणी ओतून ते फळीमागे कोठे झिरपते का हे पाहायचे असते. सांधा गळला तर तो त्याच दिवशी उकलावा लागतो, म्हणून सुताराशी मजुरी ठरवतानाच संध्याकाळपर्यंत थांबण्याचे बोलून ठेवावे.